बाणसर

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, त्यात एक चित्र हमखास असतं. डावीकडे चौकोन, आत लिहिलेलं 'विश्लेषण'. उजवीकडे चौकोन, आत 'डिझाइन'. मधे एक बाण. गिऱ्हाइकाला काय हवंय ते समजून घ्यायचं, हा डावा चौकोन. ते यंत्रात कसं बसवायचं ते ठरवायचं, हा उजवा. दोन्हींवर पानंच्या पानं खर्ची पडलेली असतात. डाव्याचं उजवं नेमकं होतं कसं, एवढं विचारलं की लेखक 'अनुभवाने जमतं' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटून पुढच्या प्रकरणाला लागतात. सगळा धंदा या दोन चौकोनांवर पोट भरतो. बाणसरांनी आयुष्य मधल्या बाणाला वाहिलं आहे.

हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. हिंजवडी, मगरपट्टा, खराडी, जिथे जिथे वीस-पंचवीस वर्षं टिकलेली कंपनी आहे तिथे एक बाणसर असतातच. कार्डावर 'प्रिन्सिपल आर्किटेक्ट' छापलेलं असतं, म्हणजे हाताखाली कोणी नाही आणि डोक्यावरही कोणी नाही. अप्रेझलच्या वेळी मॅनेजर त्यांच्यासमोर अवघडून बसतो, कारण त्यांनी वर्षभरात काय केलं हे त्याला सांगता येत नाही आणि काही केलं नाही असंही म्हणवत नाही. आमच्या बाणसरांच्या खिशाला दोन पेनं असतात, एक निळं, एक लाल. त्यांच्या जागेमागच्या पांढऱ्या फळ्यावर एक आकृती आहे आणि कोपऱ्यात 'पुसू नये' अशी सूचना. मार्करची शाई इतकी मुरली आहे की आता पुसायचं म्हटलं तरी निघायची नाही. साफसफाईच्या मावशी रोज फळ्याची चौकट पुसतात, आतल्या भागाला हात लावत नाहीत. नवीन पोरं रुजू झाली की त्यांना कँटीन, प्रिंटर आणि हा फळा दाखवतात.

सरांशी बोलताना जपून राहावं लागतं. "सर, डिझाइन तयार आहे," असं कोणी म्हणालं की ते विचारतात, "कशावरून?" पोराला वाटतं, सर शंका घेतायत. सर शंका घेत नसतात. विश्लेषणातल्या कुठल्या ओळीवरून डिझाइनमधली ही पेटी आली, एवढंच त्यांना हवं असतं. पोरगं म्हणतं, "सुचली." हे सरांना सहन होत नाही. कवीला सुचावं, इंजिनिअरला सुचता कामा नये, असं त्यांचं मत आहे. सुचलेल्या गोष्टीचा नियम काढता येत नाही आणि नियम निघाला नाही तर ती यंत्राला शिकवता येत नाही. त्यांचं स्वप्न तसं साधं: डाव्या बाजूने विश्लेषण आत सोडायचं, बटण दाबायचं, उजव्या बाजूने डिझाइन बाहेर. मधे माणूस नको.

हे खूळ त्यांच्या एकट्याचं नाही. त्याला घराणं आहे आणि सरांना ते सनावळीसकट पाठ आहे. १९७० च्या दशकात लॅरी कॉन्स्टंटाइन आणि एड युअर्डन या जोडीने एक तोडगा काढला. आधी माहिती कुठून कुठे वाहते याची बुडबुड्यांची आकृती काढायची. टॉम डीमार्कोचं १९७८ चं पुस्तक याच आकृत्या शिकवतं. मग त्या जाळ्यात असा बुडबुडा शोधायचा, जिथे आत आलेली माहिती कच्ची राहिलेली नाही आणि बाहेर जायच्या रूपातही अजून आलेली नाही. तो सापडला की त्याला चिमटीत धरून वर उचलायचं. बाकीचं सगळं आपोआप खाली लोंबतं आणि कोण वरिष्ठ, कोण हाताखालचा, ते दिसतं. झालं डिझाइन. सर हे केबलींवर करून दाखवतात. आयटी सपोर्टच्या खोक्यातला जुन्या केबलींचा गुंता टेबलावर ओततात, डोळे बारीक करून एक गाठ निवडतात आणि उचलतात. खरोखरच सगळ्या केबली व्यवस्थित खाली लोंबतात. पोरं टाळ्या वाजवतात. एकदा एका आगाऊ मुलीने विचारलं, "सर, हीच गाठ का धरलीत?"

"दिसतेच ना."

"म्हणजे सुचली."

त्या दिवशी सर जेवायला कँटीनमध्ये आले नाहीत.

पुढचं मोठं साल १९९७. त्या नोव्हेंबरात ओएमजी या संस्थेने यूएमएल ही आकृत्यांची एकच भाषा मान्य केली. तोवर ज्याची त्याची चित्रं वेगळी होती. ग्रेडी बूच क्लास काढायचा तो ढगासारखा, तुटक रेषेचा. जेम्स रम्बॉचा क्लास म्हणजे सरळ चौकोन. रम्बॉ १९९४ मध्ये बूचच्या रॅशनल कंपनीत आला, पुढच्या वर्षी इव्हार याकोबसन आला, आणि तिघांच्या तहात ढग हरले, चौकोन जिंकले. सर याबद्दल अजून हळहळतात. "ढगात प्रामाणिकपणा होता," ते म्हणतात. "अजून ठरलेलं नाही हे बघताक्षणी कळायचं. चौकोन काढला की लोकांना वाटतं, ठरलं." माझ्या मते त्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य. त्यांनी स्वतः ते कधी मनावर घेतलं नाही.

याकोबसनचं मात्र घेतलं, आणि जरा जास्तच. त्याच्या पद्धतीत विश्लेषणातल्या वस्तू तीन प्रकारच्या: बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या सीमावस्तू, काम हलवणारे नियंत्रक, आणि नुसती माहिती सांभाळून बसलेल्या एंटिटी. कोणी कोणाशी बोलायचं याचेही नियम आहेत. बाहेरच्याने फक्त सीमेशी बोलायचं, सीमेने फक्त नियंत्रकाशी. एंटिटीपर्यंत जायचं तर नियंत्रकामार्फतच. सर कोथरूडला राहतात. घरी बेल वाजली तर ते उठत नाहीत.

"अहो, दार उघडा."

"मी एंटिटी आहे. पाहुण्याशी माझा थेट संबंध येत नाही."

काकूंनी हे एकदा नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी गॅस कधी लावला ती तारीख, विजेचं बिल, वाण्याची यादी, भिशीचा हिशेब असं सगळं सरांपुढे ठेवून त्या म्हणाल्या, "माहिती साठवता ना? साठवा." गॅस संपत आला की आपण आठवण करावी असं सरांच्या मनातही येत नाही, कारण एंटिटी विचारल्याशिवाय बोलत नाही. ऐन श्रीखंड-पुरीच्या दिवशी सिलिंडर गेला तेव्हा पुऱ्या तळायच्या राहिल्या होत्या. "तू विचारलंच नाहीस," एवढंच सर म्हणाले. नियंत्रकाने त्यावर काय केलं ते सरांनी कुठल्याही आकृतीत दाखवलेलं नाही.

पण सरांना खरं बघायचं तर गिऱ्हाइकासमोर बघावं. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं काम आमच्याकडे आलं होतं. कंपनीच्या मानाने किरकोळ, पण सरांनी मागून घेतलं. नवं यंत्र चालवून बघायला लहान गिऱ्हाईक बरं असतं, मोठं गिऱ्हाईक ओरडतं.

१९८३ म्हटलं की इतरांना कपिल देव आठवतो, सरांना रसेल ॲबट. त्या साली ॲबटने एका लेखात युक्ती सांगितली होती: गिऱ्हाइकाचं म्हणणं साध्या भाषेत लिहून काढा, त्यातल्या नामांवरून प्रोग्रॅममधल्या वस्तू मिळतात, क्रियापदांवरून त्यांची कामं. निळं पेन नामांसाठी, लाल क्रियापदांसाठी. पतसंस्थेच्या मॅनेजरांनी चहा मागवला आणि सांगायला सुरुवात केली, सर लिहीत गेले.

"सभासद अर्ज करतो. दोन जामीनदार देतो. कर्ज मंजूर झालं की हप्ते सुरू. हप्ता चुकला की आम्ही नोटीस काढतो. पिग्मी एजंटाला सांगतो, जाता-येता आठवण कर. त्यातूनही नाही भरला, तर साहेब बघतात."

सभासद निळा, अर्ज निळा, जामीनदार निळे, नोटीस निळी. सगळं सुरळीत चाललं होतं. 'साहेब' निळा झाला आणि लाल पेन 'बघतात'वर येऊन थांबलं.

"साहेब म्हणजे?"

"चेअरमनसाहेब."

"ते काय बघतात?"

"बघतात म्हणजे... बघतात."

"बघून काय होतं?"

"कधी माणूस भरतो. कधी नाही भरत."

"आणि नाही भरलं तर?"

"तर परत साहेब बघतात."

सरांनी पान उलटलं. "बरं, हप्ता किती दिवस चुकला की कर्ज थकीत धरायचं?"

"कागदावर तीन महिने. पण उसाचं बिल यायचं असलं तर थांबतो."

"उसाचं बिल कधी येतं?"

"ते कारखान्याला विचारा."

सरांनी 'कारखाना' निळा केला. मॅनेजरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काळजी दिसली.

दुसरा कोणी असता तर स्क्रीनवर 'तूर्त थांबवा' असा एक चेकबॉक्स टाकून संध्याकाळच्या एसटीने परतला असता. सरांनी लॉजवर मुक्काम वाढवला आणि बॅगेतून लग्नपत्रिका काढल्या. १९८९ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी कार्डांची एक पद्धत मांडली: प्रत्येक वस्तूचं एक कार्ड, त्यावर तिचं नाव, तिची जबाबदारी आणि ती कोणाची मदत घेते ते. अमेरिकेत त्यासाठी कोरी कार्डं विकत आणतात. सर मिळालेल्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू वापरतात. त्यामुळे एका बाजूला 'जामीनदार: परतफेडीची हमी घेणे' आणि उलटं केलं की 'चि. सौ. कां.' आणि खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं'.

कार्डं वाटायची आणि नाटक करायचं, अशी ती पद्धत आहे. मॅनेजर 'कर्ज' झाले. पिग्मी एजंटाला 'साहेब' केलं. तो खुर्चीत असा काही रेलून बसला की मॅनेजर मनातून चिडले. शिपायाला 'जामीनदार'. कर्ज मंजूर झालं, हप्ता चुकला, मॅनेजरांनी सभासदाला नोटीस काढली, साहेबांनी बघितलं, पुन्हा बघितलं. शिपाई कार्ड हातात धरून आपला उभा. शेवटी तो म्हणाला, "मला कोण सांगणार?"

"काय सांगणार?"

"हप्ता चुकला ते. सही तर मी केलीय ना. मला डायरेक्ट जप्तीलाच बोलावणार का?"

खोलीत कोणी बोललं नाही. जामीनदाराला वेळेवर कळवायची रीतच त्या संस्थेत नव्हती, आणि ते इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सरांनी फक्त निळ्या पेनाने एक रेघ ओढली. मला विचाराल तर तिथेच कामाचे पैसे वसूल झाले होते. सरांना तसं वाटलं नाही; त्यांच्या दृष्टीने खरं काम अजून सुरूच व्हायचं होतं.

खरं काम म्हणजे यंत्र. इथेही पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, विश्लेषणाच्या आकृतीतच भर घालत जा, भरता भरता तिचं डिझाइन होईल. दुसरा, सॅली श्लेअर आणि स्टीव्ह मेलर यांचा, म्हणतो की विश्लेषणाला बोटही लावू नका. रूपांतराचे नियम वेगळे लिहा आणि ते यंत्राला लावू द्या. सर कट्टर दुसऱ्या पंथाचे. २००१ मध्ये ओएमजीने त्याच धर्तीचा विचार एमडीए या नावाने पुढे आणला. रूपांतराचे नियम कोणत्या भाषेत लिहावेत यासाठी २००२ मध्ये प्रस्ताव मागवले आणि त्या भाषेची, क्यूव्हीटीची, पहिली आवृत्ती निघाली २००८ मध्ये. प्रस्ताव मांडणाऱ्यांत टीसीएस होती आणि तिची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था पुण्यातली, एवढ्यावरून सर ही हकीकत 'आपण पुणेकरांनी' अशी सांगतात.

"एक बाण काढायला सहा वर्षं?" मी म्हटलं.

"घाईच झाली जरा," सर म्हणाले.

खरी मेख पुढे आहे. विश्लेषणात 'कर्ज' एकच असतं. ते डेटाबेसच्या एका तक्त्यात ठेवायचं की तीन, दोन कारकुनांनी एकच खातं एका वेळी उघडलं तर कोणाला थांबवायचं, वीज गेली तर अर्धवट हप्त्याचं काय, हे त्यात लिहिलेलं नसतं. लिहिलं तर ते विश्लेषण राहत नाही. मग यंत्राला कळणार कुठून? एमडीएचं उत्तर आहे: खुणा. मॉडेलवर जणू पारदर्शक कागद ठेवायचा आणि त्यावर 'इथे हा नियम लाव, तिथे तो' अशा खुणा करायच्या. खालचं मॉडेल सोवळ्यात राहतं. सरांनी सुरुवातीला थोड्याच खुणा केल्या. 'याचे तीन तक्ते करावेत.' 'येथे कुलूप लावावे.' मग 'येथे वरील नियम लागू नाही.' मग 'लागू आहे, परंतु उसाचे बिल येणे असल्यास नाही.' दिवाळीपर्यंत खुणांची फाइल मूळ मॉडेलपेक्षा मोठी झाली. आणि त्यातली एकेक खूण कुठून येत होती? सर रात्री दोनला उठून बसत, तिथून. बाणातून ज्या माणसाला हाकललं होतं तो पारदर्शक कागद उचलून मागच्या दाराने आत आला होता, आणि तो सरच होते. हे त्यांना सांगायची कोणाची हिंमत नव्हती. त्या आगाऊ मुलीची होती, पण ती बंगलोरला गेली होती.

सध्या सर खुणांचं मॉडेल करतायत. त्यावरून खुणा आपोआप निघाव्यात म्हणून त्या मॉडेलवर... पुढचं मी ऐकलं नाही.

पतसंस्थेला अर्थातच यासाठी थांबायला वेळ नव्हता. तारीख जवळ आली तशी टीमने सरांना न सांगता हाताने कोड लिहून टाकला. तो चालला. मग ऑडिट आलं. ऑडिटरला विश्लेषण, डिझाइन आणि दोघांना जोडणारा अहवाल हवा होता. पोरांनी टूलमधलं 'रिव्हर्स इंजिनिअरिंग' दाबलं, कोडवरून डिझाइनच्या आकृत्या काढल्या, त्यातला तांत्रिक मजकूर खोडून त्यालाच विश्लेषण म्हटलं आणि दोन्ही सरांच्या यंत्रात घातलं. यंत्राने निकाल दिला: विश्लेषणातली प्रत्येक गोष्ट डिझाइनमध्ये सापडली, शंभर टक्के. ऑडिटर खूश. सरांनी अहवालाचा रंगीत प्रिंट काढून फळ्याशेजारी लावला आणि साऱ्या मजल्याला पेढे वाटले.

चार-पाच दिवसांनी त्यांना खरं कळलं. आम्ही माना खाली घालून बसलो. सर कपाटाशी गेले आणि एक पिवळी पडलेली झेरॉक्स घेऊन आले. डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांचा १९८६ चा लेख. तर्कशुद्ध डिझाइन प्रक्रियेचं सोंग कसं आणि का आणावं, अशा अर्थाचं त्याचं शीर्षकच आहे. खऱ्या कामात माणसं सरळ रेषेत डिझाइनपर्यंत पोचत नाहीत, पण कागदपत्रं मात्र तशी पोचल्यासारखी लिहावीत, पुढे वाचणाऱ्याला तीच उपयोगी पडतात, असं लेखाचं म्हणणं.

"म्हणजे तुम्ही केलंत ते शास्त्राला धरून आहे," सर म्हणाले. आम्ही सुटकेचा श्वास टाकणार इतक्यात त्यांनी आकृतीवर बोट ठेवलं. "पण सोंग नीट आणलं नाहीत. यात साहेब कुठेत?"

साहेब नव्हते. कोडमध्ये त्यांच्या जागी 'तूर्त थांबवा' असा चेकबॉक्स होता.

आता आमच्या मजल्यावर नवी पिढी आली आहे. ती गिऱ्हाइकाचं म्हणणं तसंच्या तसं एआयला देते आणि कोड घेते. डावा चौकोन गेला, उजवाही गेला, नुसता बाण उरला. सरांना हर्ष होईल की धक्का बसेल यावर पोरांनी पैजा लावल्या होत्या. सरांनी शांतपणे खुर्ची ओढली, जुनी वही उघडली आणि मॅनेजरांचं ते म्हणणं एका मुलाला टाइप करायला लावलं. क्षणात कोड आला. सर चष्मा कपाळावर चढवून वाचत गेले. सभासद, अर्ज, जामीनदार, नोटीस, सगळे हजर. आणि तळाशी 'साहेब' नावाचा क्लास, त्यात 'बघा' नावाचं एक फंक्शन, उत्तर 'हो' किंवा 'नाही'.

"यालाही 'साहेब' निळाच वाटला," सर म्हणाले. आवाजात आनंद होता की काय, कोण जाणे. "पण याने काही विचारलं का तुला?"

"नाही सर. न विचारताच देऊन टाकलं."

"मग आपण विचारू. फोन लाव."

मॅनेजरांनी फोन उचलला. आवाज ओळखून ते मनापासून हसले. "साहेब ना? निवडणूक झाली की. पॅनेलच बदललं. नवे साहेब बघत-बिघत नाहीत."

"आणि उसाचं बिल?"

"त्याला कोण थांबतंय आता!"

"जामीनदाराला नोटीस जाते?"

"जाते तर! तुम्ही ते नाटक केलंत तेव्हापासून जाते. रोज दोन-चार जामीनदार येऊन मला शिव्या घालून जातात."

"मग हप्ता चुकला की नवे साहेब करतात काय?"

"काही नाही, सरळ एकशे एक करतात. वसुलीचं कलम हो."

सरांनी फोन ठेवला, खिशातली दोन्ही पेनं काढली आणि बराच वेळ हातात तोलत राहिले. मग शेजारच्या मुलाकडे वळून म्हणाले, "एकशे एक हे निळं धरायचं की लाल?"